बकरी आणि दोन उस्ताद

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मुंबईची माणसं नावं ठेवण्यात पटाईत. १९५४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० ही छोटी गाडी बाहेर पडू लागली, तेव्हा तिच्या गोलमटोल अंगाकडे बघून कुणीतरी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. तीच गाडी, १९५६ सालची, सोलापुरात आमच्या दारात उभी असे. आता आमच्या घरात ते नाव घ्यायचं कसं? अब्बांनी तोडगा काढला. ते तिला ‘बकरी’ म्हणू लागले, आणि गल्लीनंही बकरीच म्हटलं.

अब्बांचा सूत रंगवायचा लहानसा कारखाना होता. १९७८ साली एक डॉक्टर सोलापूर सोडून निघाले, त्यांच्याकडून अब्बांनी ती घेतली. मी दहा वर्षांचा होतो. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, आणि पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. अम्मीला बसायला-उतरायला सोयीचं, पण चालत्या गाडीत दार उघडलं तर वारा ते पकडून मागे फेकणार. म्हणून अब्बांनी आतून रंगीत सुताची दोरी बांधली होती. आठवड्याला दोरीचा रंग बदले. कारखान्यात त्या आठवड्यात कोणता रंग चालू आहे, ते गाडीवरून कळायचं.

या गाडीचं सोलापूरशी नातं आहे, हे मला फार उशिरा कळलं. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली काढणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, जन्म १८८२चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी मोटारीच्या कारखान्यासाठी सरकारचे उंबरे झिजवले, पण मोटारीचा युद्धाला उपयोग नाही म्हणून इंग्रज सरकारनं पाठिंबा दिला नाही. अखेर कुर्ल्याला कारखाना उभा राहिला, आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी जमलं. वालचंद १९५३ साली वारले. ११०० इटलीत त्याच वर्षी आली होती. ती आपल्या कारखान्यातून रस्त्यावर उतरलेली मात्र त्यांनी पाहिली नाही.

१९५३ सालीच टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. जे कारखाने गाडी खरोखर इथे बनवणार असतील त्यांनीच राहावं, नुसते सुटे भाग जोडणाऱ्यांनी नाही, असं धोरण ठरलं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेले. पुढची तीस वर्षं भारतीय माणसाच्या वाट्याला अँबेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्याच गाड्या उरल्या आणि त्याही वर्षानुवर्षं रांगेत थांबून. त्यामुळे आपल्याकडे गाडी जुनी झाली म्हणून कोणी विकत नसे. ती घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी सांभाळली जायची. तिच्याच पुढच्या पिढीला सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ नाव मिळालं. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मग हळूहळू लोकांना ‘जुनी गाडी’ हा शब्द शिवीसारखा वाटू लागला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मला फौजेत जायचं होतं. बीए झालो आणि दोनदा सर्व्हिस सिलेक्शन बोर्डाची मुलाखत दिली. छातीवर नंबर लावून पाच दिवस राहायचं, शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे नंबर पुकारतात. माझा नंबर दोन्ही वेळा पुकारला गेला नाही. पहिल्या वेळी निदान परतीचं रेल्वेभाडं मिळालं होतं. दुसऱ्या वेळी तेही मिळत नाही. घरी येऊन मी अब्बांच्या कारखान्याचे हिशेब लिहू लागलो, आणि मागच्या पानांवर कविता.

१९९५ साली धाकट्याची निवड झाली, पहिल्याच फटक्यात. मी त्याला मिठी मारली आणि मग बराच वेळ गच्चीवर जाऊन बसलो.

त्याला जायचं होतं मद्रासच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, सेंट थॉमस माउंटला, ज्याला तमिळ लोक परंगीमलै म्हणतात. या संस्थेचा इतिहास आमच्यासारख्या घरांना जवळचा वाटावा असा आहे. इंग्रजांच्या काळात १९१८पासून सँडहर्स्टला वर्षाला दहा हिंदी तरुणांना जागा मिळू लागल्या. त्या बहुतेक सरदार-श्रीमंतांच्या मुलांना जात. १ ऑक्टोबर १९३२ला डेहराडूनची अकादमी सुरू झाली, तिथे पहिल्या तुकडीत चाळीस जण होते. पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशॉ त्यांतलेच. पण खरा दरवाजा उघडला तो १९६२च्या चीन युद्धानं. अधिकारी कमी पडले, म्हणून १९६३ साली पुणे आणि मद्रास इथे दोन ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल निघाली. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, कारकुनी-मास्तरकी करणारी मुलं काही महिन्यांत अधिकारी होऊन सीमेवर गेली. पुण्याचं स्कूल लवकरच बंद झालं, मद्रासचं टिकलं. १९८८ साली त्याला अकादमी म्हणू लागले आणि १९९२पासून मुलीही तिथे शिकू लागल्या.

धाकट्याचा सगळा जीव बकरीत. कार्बोरेटर तो डोळे मिटून उघडायचा. निघायच्या आदल्या रात्री त्यानं अब्बांकडून कबूल करून घेतलं, की तो परत येईपर्यंत गाडी विकायची नाही. आणि मला म्हणाला, ‘‘भाई, अब्बांना आता झेपत नाही. तुम्ही बघाल ना?’’ मी हो म्हणालो.

पंधरा दिवसांनी अंतर्देशीय पत्रं यायला लागली. पहिली ओळ नेहमी दख्खनीत, ‘बकरी कू पानी पिलाए क्या?’ म्हणजे रेडिएटर भरला का. मग मराठीत सूचना. दर शुक्रवारी वीस मिनिटं चालवा, नुसतं उभ्या जागी इंजिन सुरू ठेवू नका. पावसाळ्यात ब्रेक ओले राहिले तर ड्रमला चिकटतात. प्लॅटिनम पॉइंट पॉलिशपेपरनं घासा. टाकीत पेट्रोल फार दिवस राहू देऊ नका, त्याचा चिकटा होऊन जेट बुजतं. खालच्या पत्र्यावर पाणी साचू देऊ नका, या गाडीला वेगळी चासी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा.

स्वतःबद्दल तो थोडं लिहायचा. तिथे कॅडेटचं वाहन एकच, सायकल. राजाचा मुलगा असो की रंगाऱ्याचा, सायकल तीच. परेडला सायकलवर, वर्गाला सायकलवर, आणि चूक झाली की सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. या शिक्षेला तिथे ‘रगडा’ म्हणतात. ड्रिल शिकवणाऱ्या हवालदाराला म्हणतात ‘उस्ताद’. हे वाचून अब्बा फार हसले, कारण आमच्या गॅरेजच्या मिस्त्रीलाही सगळं सोलापूर उस्तादच म्हणायचं. ‘‘पोरगा एका उस्तादाकडून दुसऱ्याकडे गेला,’’ अब्बा म्हणाले.

जून निम्मा होईपर्यंत मी शब्द पाळला. विजापूर वेशीपासून सात रस्त्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मग एका शुक्रवारी पत्र आलं, की पहिली ड्रिल टेस्ट पास झालो, आता सुट्टीच्या दिवशी बाहेर जाता येईल. मी पत्र वाचलं, किल्ली खुंटीवर टांगली आणि गाडीकडे गेलो नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. कारण विचारलं असतं तर पाऊस सांगितला असता. त्या वर्षी सोलापुरात किती पाऊस पडला ते मला आठवत नाही. माझ्या आत काय पडत होतं, ते आठवतं. तो तिथे अधिकारी होणार आणि मी इथे त्याच्या गाडीचे पॉइंट घासणार!

मात्र पत्रांना उत्तरं वेळेवर लिहिली. ‘बकरी उत्तम. शुक्रवारी सात रस्त्यापर्यंत नेली होती.’ कवी माणूस, खोटं लिहितानाही तपशील घातले. त्याचीही उत्तरं येत राहिली. ‘मी उत्तम. काल दहा किलोमीटर पळालो.’

गणपती बसायच्या सुमारास, पहिली टर्म संपून तो घरी आला. रिक्षातून उतरला तो उजवा पाय जपत. अम्मीला म्हणाला, गाडीत बसून अवघडलाय. चहासुद्धा न घेता तो मागच्या शेडकडे गेला, मी मागोमाग. त्यानं ताडपत्री ओढली. चारही चाकं बसलेली. बॅटरी मेलेली. मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं, वायरी कुरतडलेल्या. त्यानं दार उघडून खालचा रबरी गालिचा उचलला, तर पत्र्यातून जमीन दिसली.

मी काहीतरी बोलायला गेलो. तो म्हणाला, ‘‘थांबा, भाई.’’ आणि उलट्या दाराच्या उंबऱ्यावर बसून त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती, सतत पळून पळून जाते तशी. कित्येक आठवडे तो पळालाच नव्हता, मिलिटरी हॉस्पिटलात होता. त्याला ‘रेलिगेट’ केलं होतं, म्हणजे मागच्या तुकडीत ढकललं होतं. बरोबरची मुलं सहा महिने आधी अधिकारी होणार, हा पुन्हा पहिल्यापासून. आणि दुसऱ्यांदाही जमलं नाही तर घरी.

‘‘अब्बांना सांगू नका,’’ तो म्हणाला.

‘‘तूही सांगू नकोस,’’ मी म्हणालो. यावर आम्ही दोघं हसलो की रडलो, हे आजही आमचं एकमत नाही.

सुट्टीतले सगळे दिवस आम्ही त्या शेडमध्ये काढले. तो स्टुलावर पाय पसरून बसायचा आणि सांगायचा, मी गाडीखाली. गॅरेजचे उस्ताद संध्याकाळी येऊन पाहून जायचे. ड्रमला चिकटलेले ब्रेक हातोडीनं हलके ठोकत सोडवले. कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतला. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून एस.टी.नं मागवले. पत्रा मात्र वेल्डिंगच्या झोतापुढे विरघळत होता. जिथे चांगला पत्रा लागेल तिथपर्यंत कापत जायचं आणि मग नवा जोडायचा, असं उस्तादांनी सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी धक्का दिला आणि बकरी खोकून सुरू झाली. अब्बा बाहेर आले. त्यांनी पत्र्याचा ताजा जोड पाहिला, धाकट्याच्या पायाकडे पाहिलं आणि विचारलं काहीच नाही. आत जाऊन हिरव्या सुताची नवी दोरी घेऊन आले.

मग पुढचं वर्षभर एक शुक्रवार चुकला नाही. चुकला असता तर मी लिहिलं असतं.

१९९६ साली आम्ही मद्रास मेलनं तिकडे गेलो. परेड झाली. शेवटी कॅडेटच्या खांद्यावरचे तारे आई-वडिलांच्या हातून उघडतात. अम्मीचे हात कापत होते, तर त्यानं खांदा थोडा खाली केला. तिथल्या उस्तादानं, ज्यानं त्याला वर्षभर रगडलं, त्यानं टाच जुळवून त्याला कडक सलाम ठोकला. हा क्षण मी माझ्यासाठी किती वेळा मनात रचला होता! तो दुसऱ्याच्या खांद्यावर पाहताना जितकं दुखेल असं वाटलं होतं, तितकं दुखलं नाही. थोडं दुखलं.

तो दहा वर्षांनी फौजेतून बाहेर पडला, आता पुण्यात असतो. अब्बा गेले. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघाली, तेव्हा त्याचा फोन आला. बकरीचं काय, म्हणाला. जुलै २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आणि मग ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला तेवढी बाहेर काढता येते. मी म्हटलं, कागदावर ती अजून अब्बांच्या नावावर आहे, आधी तुझ्या नावावर करू. तो म्हणाला, तुमच्या. फॉर्म आणलेला आहे. मालकाच्या नावाची जागा कोरी आहे आणि तो गाडीच्या खणात, जुन्या अंतर्देशीय पत्रांबरोबर पडून आहे. दर शुक्रवारी मी त्याला फोन करतो. पलीकडून पहिला प्रश्न तोच असतो.