बँकेच्या लिलावातलं घर घेताय? लाईट, पाणी, घरपट्टी अन् गॅसचं आधी बघा

कर्ज थकलं की बँक घर ताब्यात घेते, पेपरात नोटीस येते, लिलाव होतो. पूर्वी अशी घरं शहरातलेच लोक घ्यायचे. आता तालुक्याच्या गावाला लागून असलेले एनए प्लॉट, गावठाणातली स्लॅबची घरं, रस्त्याकडेचे दुकानगाळेसुद्धा लिलावात निघतात. दर बाजारापेक्षा कमी दिसतो म्हणून माणूस बोली लावतो, पैसे भरतो, किल्ली हातात येते. मग कळतं की घरात लाईट नाही, नळ तोडलेला आहे आणि ग्रामपंचायतीत चार-पाच वर्षांची घरपट्टी बाकी आहे.

लिलावाच्या नोटिशीत एक ओळ ठरलेली असते: ‘जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री. आपण ती वाचून सोडून देतो. तिचा अर्थ सरळ आहे. घरावर मागची जी काही देणी असतील त्यांची चौकशी घेणाऱ्यानं करायची, बँक जबाबदार नाही. त्यामुळं लाईट-पाण्याचं काम किल्ली मिळाल्यावर सुरू होत नाही, बोली लावायच्या आधीच सुरू होतं.

आधी घर कोणत्या कायद्यानं विकलं ते बघा

राष्ट्रीयीकृत आणि मोठ्या बँका २००२ च्या सरफेसी कायद्याखाली विक्री करतात. त्यात बँकेचा ‘प्राधिकृत अधिकारी’ सही करून विक्री प्रमाणपत्र देतो. पतसंस्थेनं विकलं असेल तर ते बहुतेक वेळा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम १५६ आणि नियम १०७ खाली असतं आणि सही वसुली व विक्री अधिकाऱ्याची असते. दोन्हीकडं तुमचा मुख्य कागद विक्री प्रमाणपत्र हाच. पुढं प्रत्येक टेबलावर तोच मागतात. म्हणून दुय्यम निबंधकाकडचं मुद्रांक शुल्काचं काम लवकर उरका आणि पाच-सहा झेरॉक्स साक्षांकित करून ठेवा. शेतजमिनीला सरफेसी लागू होत नाही, हेही ध्यानात असू द्या. शेतातलं घर लिलावात निघालं असेल तर जागा एनए आहे का ते सातबाऱ्यावर आधी बघा.

ताबा कसला आहे हेही विचारा. नोटिशीत ‘सांकेतिक ताबा’ असेल तर कागदावर घर बँकेचं, पण आत माणसं राहतात. त्यांना काढायचं काम कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं होतं. तुम्ही जाऊन फ्यूज काढायचा किंवा नळ बंद करायचा नाही. आपल्याच गावचं कुटुंब असतं, पुढं रोज तोंड बघायचं असतं. शिवाय असं केलं तर तक्रार तुमच्यावरच होते.

लाईट: सगळ्यात जास्त पैसे इथं अडकतात

खेड्यात बंद घराची लाईट बहुतेक वेळा कायमची तोडलेली असते. महावितरणच्या भाषेत ‘पीडी’. जुनं बिल सापडलं तर त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घ्या. बिल नसेल तर मीटरवरचा नंबर आणि शेजाऱ्याचं बिल घेऊन शाखा कार्यालयात जा, तिथं शोधून देतात. बोली लावायच्या आधीच थकबाकी लेखी मागा. लाईनमननं तोंडी सांगितलेला आकडा धरून बोली लावू नका, कारण त्यात व्याज असेलच असं नाही.

बरेच जण म्हणतात, ‘बिल त्याचं, मी का भरू?’ या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या खटल्यात निकाल दिला आहे. वीज नियमावलीत तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवीन जोडणी देणार नाही, असं वीज कंपनी म्हणू शकते. लिलावात ‘जसे आहे’ म्हणून घेतलेल्यांनाही हे लागू होतं. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या पुरवठा संहितेतही जुन्या मालकाची बाकी जागेवरचा बोजा धरून नवीन मालकाकडून वसूल करायची तरतूद आहे. तेव्हा भांडून उपयोग नाही, पण हिशोब मागायचा हक्क तुमचा आहे. मूळ रक्कम किती, व्याज किती, कोणत्या महिन्यापासूनची आणि कोणत्या नियमाखाली, हे सगळं अर्ज देऊन लेखी घ्या. आकडा पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडं, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडं आणि शेवटी विद्युत लोकपालाकडं जाता येतं. लोकपाल मुंबई आणि नागपूरला आहेत.

मध्येच अशा बाकीवर सवलतही निघते. महावितरणनं १ सप्टेंबर २०२४ पासून पीडी ग्राहकांसाठी अभय योजना आणली होती. त्यात मूळ रक्कम भरली की व्याज आणि विलंब आकार माफ होता आणि जागेच्या नवीन मालकालाही अर्ज करता येत होता. तिची मुदत संपली आहे. तरी पैसे भरायच्या आधी ‘सध्या काही योजना आहे का’ हे विचारायला पैसे लागत नाहीत.

हिशोब कसा करायचा? समजा घर ९ लाखाला पडतंय, लाईटची बाकी ३८ हजार, पंचायतीची ११ हजार, वायरिंग आणि जोडणीचे ३० हजार. म्हणजे घर ९ लाख ७९ हजाराला पडलं. बोलीचा आकडा ठरवताना हे ७९ हजार आधी वजा करा.

बाकी मिटली की नवीन जोडणीचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा कार्यालयात करा. विक्री प्रमाणपत्र, आधार, पंचायतीचा उतारा आणि परवानाधारक वायरमनचा टेस्ट रिपोर्ट जोडा. मग कोटेशन मिळतं, ते भरलं की मीटर येतो. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली. त्यानुसार अर्ज पूर्ण असेल तर ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी द्यायची आहे. पोल लांब असेल, नवीन लाईन ओढायची असेल तर जास्त वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करा. ताबा घेताना मीटरचा, सीलचा आणि पोलवरून येणाऱ्या वायरचा मोबाईलवर फोटो काढा. कुणी आकडा टाकलेला असेल किंवा सील तुटलेलं असेल तर हात न लावता कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरीचा गुन्हा होतो आणि तपासणीला पथक आलं की त्या वेळी घर ज्याच्या ताब्यात त्यालाच आधी विचारतात.

बंद घरात उंदीर वायरी कुरतडतात, पावसाचं पाणी बोर्डात उतरतं. जुन्या वायरिंगवर लगेच लाईट चालू करू नका. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवा. दोन-तीन हजार वाचवायला जाऊन पोराबाळांच्या जिवाशी खेळ नको.

पंचायत: नाव लागल्याशिवाय नळ नाही

घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असते, मागणी नमुना ९ ला आणि पैसे भरल्याची पावती नमुना १० ची मिळते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) नमुना ९ बघायला मागा. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी सगळ्याची बाकी एका पानावर दिसते. बहुतेक ठिकाणी ही बाकी भरल्याशिवाय नवीन नाव लावत नाहीत. पावती घ्याच. नावबदलाचा अर्ज मासिक सभेपुढं जातो, म्हणून सभेच्या आधी द्या, नाहीतर महिना गेला. नमुना ८ चा उतारा आणि बाकी नसल्याचा दाखला हे दोन्ही लोकसेवा हक्क कायद्यात येतात, तेव्हा ‘नंतर या’ म्हणाले तर अर्जाची पोच मागा. प्रॉपर्टी कार्ड असेल तर ते काम वेगळं, भूमी अभिलेख कार्यालयाचं. पंचायतीत नाव लागलं म्हणजे तिथंही लागलं असं होत नाही.

नळाचं काम त्यानंतर. जोडणी तोडली असेल तर अनामत भरून नवीन घ्यावी लागते. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला सोबत घेऊन पाईप कुठून येतो ते बघा. बंद काळात शेजाऱ्यानं तिथूनच फाटा घेतलेला असतो, हे फार ठिकाणी निघतं. वर्षभर बंद असलेली टाकी घासून, टीसीएल पावडरच्या पाण्यानं धुऊन मगच भरा. बोअर असेल तर मोटर आत आहे का ते आधी बघा. लिलावाच्या घरात बहुधा ती गेलेली असते.

संडासाची टाकी भरली असेल तर उपसायची गाडी बोलवा. माणूस उतरवू नका, २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे आणि त्या वायूनं माणसं मरतात.

गॅस आणि राहिलेलं सामान

गॅसचं कनेक्शन घराचं नसतं, माणसाच्या नावाचं असतं. जुन्याची टाकी आत सापडली तर वापरू नका, एजन्सीला कळवून जमा करा. तुमचं स्वतःचं कनेक्शन असेल तर पत्ता बदलून घ्या आणि नळी नवीन आयएसआय शिक्क्याची घाला. वास आला तर १९०६ ला फोन करा.

जुन्या कुटुंबाचे कागद, देवघरातले फोटो, मुलांचे दाखले घरात राहिलेले असतात. बँकेनं ताबा घेताना सामानाची यादी केलेली असते, ती मागून घ्या. त्याबाहेरचं जे सापडेल ते दोन पंचांसमोर लिहून, बँकेच्या अधिकाऱ्यामार्फत परत करा. त्यांच्या नावानं पत्र किंवा नोटीस आली तर ‘इथे राहत नाहीत’ असं लिहून पोस्टमनकडं परत द्या. फोडू नका, ठेवूनही घेऊ नका.