नाममुद्रा आणि यंत्राची ओळख

बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई येथे वास्तव्य केलेले संतकवी दासोपंत (इ. स. १५५१–१६१५) यांनी आपल्या रचनांत ‘दिगंबरानुचर’ ही नाममुद्रा योजिली. प्राचीन मराठी काव्यातील नाममुद्रा ही केवळ कर्त्याची सही नव्हे. हस्तलिखित हातोहात फिरत असता त्या रचनेचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हे दाखविणारी ती खूण होय. ही खूण संदिग्ध झाली म्हणजे काय घडते, हे ‘नामा’ या मुद्रेवरून दिसते. नामदेव (१२७०–१३५०) आणि नंतरच्या काळातील विष्णुदासनामा यांच्या रचना एकमेकींत मिसळल्या, आणि त्या विलग करण्यात अनेक संशोधकांचे श्रम खर्ची पडले. येथे लबाडी कोणाचीच नव्हती. नाव सारखे होते, एवढेच.

जागतिक जालावर हाच प्रश्न संगणकीय कार्यक्रमांच्या बाबतीत उद्भवला. १९९१ च्या प्रारंभिक संकेतपद्धतीत मागणी एका ओळीची असे व मागणारा कोण, हे सांगण्यास तीत जागाच नव्हती. मे १९९६ मध्ये नोंदल्या गेलेल्या एचटीटीपी १.० या आवृत्तीत मात्र ‘यूजर-एजंट’ हे ओळखीचे शीर्षक व ‘फ्रॉम’ हे संपर्काच्या पत्त्याचे शीर्षक, अशी दोन्ही आढळतात. तत्पूर्वीच, १९९३ मध्ये, मार्टिन कोस्टर यांनी स्वयंचलित ‘रोबॉट’ लिहिणारांस उद्देशून आपल्या यंत्राची व स्वतःची ओळख सांगावी असे सुचविले होते. कारण व्यावहारिक होते. एखादा कार्यक्रम बिघडून एकाच सर्व्हरवर मागण्यांचा भडिमार करू लागला, तर तेथील व्यवस्थापकाने पत्र धाडावे कोणास?

परंतु ओळखीच्या या ओळीचा इतिहास सरळ झाला नाही. १९९४ मध्ये नेटस्केपचा ब्राउझर ‘मोझिला’ या नावाने स्वतःची ओळख देऊ लागला. त्याला साधणाऱ्या नव्या सोयींची पाने अनेक सर्व्हर केवळ ‘मोझिला’ म्हणविणारासच देत. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने आपणही मोझिलाच, ‘सुसंगत’ मोझिला, असे सांगण्यास आरंभ केला. पुढे २००८ मध्ये आलेल्या क्रोमच्या ओळीत मोझिला, ॲपलवेबकिट, गेको आणि सफारी ही सारी परकी नावे एकत्र नांदू लागली. दोष केवळ नाव घेणारांचा मानणे अन्यायाचे होईल. नाव पाहून पंक्तिभेद करणाऱ्या सर्व्हरांनीच ही वेळ आणली.

जून २०२२ च्या आरएफसी ९११० या प्रमाणलेखात हा अनुभव मुरलेला दिसतो. सुसंगती दर्शविण्यासाठी दुसऱ्याचे नाव वापरू नये, ओळीत जाहिरात वा अनावश्यक तपशील घालू नये, आणि स्वयंचलित यंत्राने जबाबदार व्यक्तीचा पत्ता द्यावा, असे तेथे सुचविले आहे. तपशील आटोपशीर ठेवण्यामागे आणखी एक हेतू आहे: फार बारकाईने दिलेल्या वर्णनावरून वापरणारी व्यक्तीच हुडकून काढता येते.

मराठी संशोधकास हा विषय दूरचा नाही. मराठी विकिपीडियावरून (स्थापना मे २००३) किंवा विकिस्रोतावरून संतकवींविषयीची सामग्री कार्यक्रमाद्वारे गोळा करणाराने, विकिमीडियाच्या धोरणानुसार, कार्यक्रमाचे नाव, आवृत्ती व संपर्काचा पत्ता द्यावयाचा असतो. ग्रंथसंचाची तयार, सर्वसाधारण ओळख तशीच पाठविल्यास मागणी नाकारली जाऊ शकते. आणि पत्ता दिला नसेल तर ती का नाकारली, हे त्याला कळविण्याचा मार्गही व्यवस्थापकाकडे राहत नाही.

अर्थात ही ओळ म्हणजे केवळ दावा. पानिपतानंतर प्रकटलेल्या सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचेही नाव खरेच होते! म्हणून गूगलबॉट म्हणविणाऱ्या यंत्राची खातरजमा त्याच्या शब्दावर न करता, मागणी ज्या आयपी क्रमांकावरून आली त्यावरून डीएनएस नोंदीतील नाव काढून, आणि त्या नावावरून पुन्हा तोच क्रमांक मिळतो की नाही हे पाहून केली जाते. ‘नामा’ मुद्रेच्या रचनांबाबतही अभ्यासकांना मुद्रेबाहेरचाच, भाषेचा व पोथीपरंपरेचा, पुरावा शोधावा लागला.