पाळणा विणणाऱ्या बायका

'बाळ निजेतच गेलं.' आमच्या लहानपणी बेळगावकडच्या घरांतून हे वाक्य अगदी हलक्या आवाजात बोललं जायचं. त्यावर पुढं कुणी काही विचारत नसे. सटवाईनं कपाळावर तेवढंच लिहिलं होतं, नाहीतर कुणाची तरी नजर लागली, असं म्हणून बायका गप्प होत. पण माजघरात बाळंतिणीला एक प्रश्न विचारला जायचाच, 'तुला कळलं कसं नाही गं?' हा प्रश्न काही फक्त आपल्याकडचा नाही. जगभरच्या आयांना तो विचारला गेला आहे. त्याचं खरं उत्तर शोधायला किती वर्षं लागली आणि ते कुणी शोधलं, ही हकिगत बायकांनी माहीत करून घ्यावी अशी आहे.

बायबलात राजा सॉलोमनची गोष्ट आहे. एका मुलावर दोन बायका हक्क सांगतात, ती. त्या गोष्टीची सुरुवात आपण विसरतो. त्यातल्या एकीचं मूल रात्री तिच्या अंगाखाली सापडून गेलेलं असतं. म्हणजे दोष आईच्या निजेचा, हे तेव्हापासून ठरलेलं. पुढं अठराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बाळावर ठेवायची एक लाकडी कमानीसारखी चौकट वापरत. दाई कुशीवर वळली तरी तिचा भार बाळावर पडू नये, अशी ती रचना. चौकट चांगलीच होती. पण ती वापरली नाही तर धर्मातून बाहेर काढू, असा धाकही दाईला होता. उपाय काढला तोही धाकासकट.

विसाव्या शतकात पाळणे आले, बाळाची वेगळी खोली आली, तरी पाश्चात्त्य देशांत धडधाकट बाळं झोपेत जातच राहिली. मग अंगाखाली सापडण्याचं कारण कसं पटावं? 1969 मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात डॉक्टरांची परिषद भरली आणि या मृत्यूंना अकस्मात अर्भकमृत्यू अशा अर्थाचं नाव मिळालं. शवचिकित्सा करूनही कारण सापडत नाही, तो हा मृत्यू. दोन ते चार महिन्यांच्या बाळांत तो सर्वांत जास्त.

मैत्रिणींनो, आता या इतिहासातला सर्वांत बोचणारा भाग. 1940 नंतर पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथं झोपवा असा सल्ला वाढत गेला. पाठीवर झोपलेलं बाळ ओकलं तर गुदमरेल, ही त्यामागची भीती. डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक तर घराघरांत होतं आणि त्याच्या 1950 नंतरच्या आवृत्त्यांत हाच सल्ला होता. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तो सल्ला कुणी तपासून पाहिला नव्हता. पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळं वर आलेलं दूध खालीच जातं. पालथ्या बाळाचं तोंड मात्र गादीत रुततं, सोडलेलाच श्वास ते पुन्हा घेतं, अंग तापतं आणि झोपेतून चटकन जागही येत नाही.

2005 मध्ये रूथ गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडले. 1970 पर्यंतच पालथं झोपवण्याचा धोका कळण्याइतका पुरावा जमा झाला होता, असं त्यांना दिसलं. तो वेळीच नीट पाहिला असता तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती, असा त्यांचा हिशेब आहे. आकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या पन्नास हजार आयांनी तर सांगितलं तसंच केलं होतं.

मग हे बदललं कसं? आधी आईबापांनी तोंड उघडलं. अमेरिकेत रो नावाच्या जोडप्याचा मुलगा 1958 मध्ये गेला. त्यांनी 1962 मध्ये त्याच्या नावानं संस्था काढली. ब्रिटनमध्ये 1971 मध्ये अशीच संस्था उभी राहिली. या संस्थांनी संशोधनासाठी पैसे जमवले आणि दुःखात बुडालेल्या घरांना सांगितलं, की हा तुमचा गुन्हा नाही. दुसरीकडं, 1985 मध्ये हाँगकाँगहून डॉक्टर डेव्हिस यांनी लिहिलं, की इथं असे मृत्यू क्वचितच होतात आणि इथल्या चिनी आया बाळांना पाठीवर झोपवतात. तिथल्या आज्या जे करत आल्या होत्या, ते असं कागदावर आलं.

न्यूझीलंडमध्ये त्या काळी हे प्रमाण फार होतं, हजार जन्मांमागे चारच्या आसपास. तिथं 1987 ते 1990 अशी तीन वर्षं मोठी पाहणी झाली. पालथी झोप, आईचं धूम्रपान आणि अंगावर न पाजणं या गोष्टी ठळक दिसल्या. 1991 मध्ये तिथं मोहीम सुरू झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवरच्या निवेदिका ॲन डायमंड यांचं चार महिन्यांचं बाळ गेलं. त्या घरात बसून राहिल्या नाहीत. न्यूझीलंडला जाऊन त्यांनी सगळं समजून घेतलं, परत येऊन सरकारच्या मागं लागल्या, आणि वर्ष संपायच्या आत ब्रिटनमध्ये 'पाठीवर झोपवा' ही मोहीम सुरू झाली. पुढच्या वर्षभरात तिथले असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ना औषध, ना लस, ना यंत्र!

तरीही जुना प्रश्न मेला नव्हता. त्याच ब्रिटनमध्ये सॅली क्लार्क या वकीलबाईंची दोन बाळं गेली आणि 1999 मध्ये त्यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. एका घरात दोन बाळं अशी जाण्याची शक्यता 7 कोटी 30 लाखांत एक, असं एका नामवंत डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं होतं. हे गणित चुकीचं होतं. 2003 मध्ये त्या सुटल्या आणि 2007 मध्ये वारल्या. 'तुला कळलं कसं नाही?' हा प्रश्न इंग्रजीत, काळे डगले घालून विचारला, तरी तो तोच असतो.

मला या साऱ्यात जास्त शिकवून गेल्या त्या न्यूझीलंडच्या माओरी बायका. 1991 च्या मोहिमेनंतर तिथले मृत्यू घटले, पण माओरी घरांत त्या मानानं कमी घटले. आई गरोदरपणात सिगारेट ओढत असेल आणि मग बाळ तिच्याच अंथरुणात झोपत असेल, तर धोका फार वाढतो. म्हणून सरकारी माणसं सांगू लागली, बाळाला जवळ घेऊन झोपू नका. पण माओरी घरात बाळ आईच्या कुशीतच असायचं, जसं आपल्या घरात. हे ऐकून त्यांना वाटलं, आपली रीतच वाईट ठरवतात. मग ऐकणार कोण?

डेव्हिड टिपेने-लीच हे स्वतः माओरी डॉक्टर. 2005-06 च्या सुमारास त्यांनी आपल्याच समाजातल्या विणकर बायकांना गाठलं. हाराकेके नावाच्या तिथल्या वनस्पतीच्या लांब पात्यांपासून त्या चटया, टोपल्या विणतात. त्यांनी बाळाला पुरेल अशी उथळ, टणक बुडाची टोपली विणली, तिचं नाव वाहाकुरा. ती आईबापांच्या बिछान्यातच ठेवायची. बाळ आईच्या हाताशी आणि तरीही स्वतःच्या जागेत. गरोदर मुली एकत्र बसून आपल्या बाळाची टोपली स्वतः विणू लागल्या आणि विणताना बोलणंही होऊ लागलं, पाठीवर झोपव, सिगारेट सोड, अंगावर पाज. 2011 च्या फेब्रुवारीत ख्राइस्टचर्चच्या भूकंपात घरं पडली, माणसं दाटीवाटीनं झोपू लागली, तेव्हा पेपी-पॉड नावाच्या प्लास्टिकच्या पेट्या वाटल्या गेल्या. पेटी घेणाऱ्या घरानं ही माहिती आणखी चार घरांत सांगायची, अशी त्यात गोष्ट होती. 2009 ते 2015 या काळात न्यूझीलंडमधले या वयाच्या बाळांचे मृत्यू 29 टक्क्यांनी घटले. संशोधकांनी त्याचा संबंध या कामाशी जोडला. 2017 साली दोनशे आयांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्यात वाहाकुरा वापरणाऱ्या आयांपैकी जास्त जणी बाळ सहा महिन्यांचं असतानाही त्याला फक्त अंगावर पाजत होत्या. फ्लॉरेन्सची चौकट आणि माओरी टोपली, काम एकच. फरक एवढाच की दुसरीत धाक नव्हता.

आपल्याकडं काय? आपल्या आज्या बाळाला पाठीवरच निजवत, आईच्या खोलीतच ठेवत, अंगावर पाजत. हे तिन्ही आज शास्त्रानं बरोबर ठरवलं आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण त्याच बाळंतिणीच्या खोलीत शेगडीचा धूर कोंडलेला असे, बाळाभोवती उशा रचलेल्या असत, तोंडापर्यंत दुपटी असत, आणि काही घरांत बाळंतीण मिश्री लावत असे. तंबाखू कोणत्याही रूपात पोटातल्या बाळाला वाईटच. चांगलं ते ठेवायचं आणि बाकीचं सोडायचं, एवढंच माओरी बायकांनीही केलं.

आपण बायका बारशाला दुपटी शिवतो, कुंच्या शिवतो, मऊ मऊ उशा देतो. महिला मंडळांनी हेच काम थोडं वेगळं करावं. सहा महिन्यांच्या मुलीच्या ओटीभरणाला चार जणींनी मिळून घट्ट भरलेली छोटी गादी आणि तिच्यावर ताणून बसणारी चादर शिवून द्यावी. देताना सांगावं, बाळ पाठीवर, तोंड उघडं, जवळ उशी नाही, जाड गोधडी नाही, खोलीत धूर नाही, सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढायची नाही. त्या वेळी सासूबाई, नणंद, जाऊ आणि बाळाचा बाप, सगळे समोर बसलेले असावेत. म्हणजे रात्री जागं राहायची जबाबदारी एकट्या बाळंतिणीवर राहणार नाही.