अतिदक्षता विभागातील साधनजन्य संसर्ग
अत्यवस्थ रुग्णाच्या शरीरात उपचारार्थ बसविलेल्या साधनांच्या मार्गाने जंतूंचा प्रवेश होऊन उद्भवणाऱ्या संसर्गास ही संज्ञा लावतात. श्वसनयंत्राला जोडलेली श्वासनालातील नळी, मोठ्या नीलेत सरकविलेला कॅथेटर आणि मूत्राशयातील नळी ही यांतील प्रमुख साधने होत. त्वचा, खोकला व मूत्राचा प्रवाह ही शरीराची स्वाभाविक संरक्षणे त्यांमुळे दुबळी होतात. शिवाय नळीच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर जमतो व त्यात प्रतिजैविक औषधे नीट पोहोचत नाहीत.

अतिदक्षता विभागाची कल्पना १९५२ मधील कोपनहेगनच्या बालपक्षाघाताच्या साथीतून पुढे आली. तेथे श्वासनालास छेद देऊन नळी बसवीत आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबून रुग्णाचा श्वास चालू ठेवीत. महाराष्ट्रात या उपचाराची कसोटी धनुर्वाताने पाहिली. फारोख उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील १५० रुग्णांचा अनुभव १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. तीव्र धनुर्वातात स्नायू औषधाने शिथिल करून रुग्णास कित्येक दिवस श्वसनयंत्रावर ठेवावे लागते. मातीतील जंतूच्या विषापासून वाचलेला रुग्ण रुग्णालयातल्याच जंतूंमुळे होणाऱ्या फुप्फुसशोथाने दगावण्याचा धोका त्यामुळे असतो.

या धोक्याचे मोजमाप भारतात उशिराच झाले. मुंबईसह सात शहरांतील १२ अतिदक्षता विभागांची २००४ ते २००७ या काळातील पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १०,८३५ रुग्णांमध्ये ४७६ संसर्ग आढळले. साधन एका रुग्णाच्या शरीरात एक दिवस राहिले म्हणजे एक साधनदिन, असे धरून दर हजार दिनांमागे श्वसनयंत्रजन्य फुप्फुसशोथाचे प्रमाण १०·४६, नीलेतील कॅथेटरमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे ७·९२ व मूत्रनळीजन्य संसर्गाचे १·४१ होते. मोजक्या रुग्णालयांचे हे आकडे सर्व देशास लागू करता येणार नाहीत. तथापि तुलनेला आधार त्यांनीच दिला.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत आणि त्यांची उपेक्षाही बहुधा त्यामुळेच होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी हात धुणे, कॅथेटर बसविताना संपूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, त्वचेस क्लोरहेक्झिडीन लावणे, शक्यतो जांघेतील नील टाळणे आणि अनावश्यक कॅथेटर काढून टाकणे ही पाच कृत्ये शंभरावर विभागांत नेमाने करविली. रक्तसंसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. श्वसनयंत्रावरील रुग्णाचे डोके उंच ठेवणे, मुखाची स्वच्छता राखणे व यंत्र लवकर सोडविता येईल का हे रोज तपासणे, तसेच मूत्रनळीची जोडणी बंदिस्त ठेवणे हेही आवश्यक असते.

कर्जत तालुक्यातील कशेळ्यासारख्या गावांतून अत्यवस्थ रुग्णास शहरातील रुग्णालयात हलवावे लागते. घाईत, निर्जंतुकतेची खात्री नसताना नीलेत बसविलेला कॅथेटर ४८ तासांच्या आत बदलावा, असा संकेत आहे. तो केव्हा व कोणत्या परिस्थितीत बसविला याची लेखी नोंद रुग्णासोबत नसल्यास ही मुदत मोजताच येत नाही.