कोर्लई : टेकडीवरचा गड, पायथ्याची भाषा

दीपगृहाजवळच्या पायऱ्यांनी कोर्लईची टेकडी चढू लागलो, की वाऱ्याने बोलणे तुटते. माथ्यावरून एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे रेवदंडा दिसतो. खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत इथून नजरेत येई. म्हणूनच १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी ही टेकडी निजामशाहीकडून जिंकून घेतली. १७४० मध्ये ती मराठ्यांकडे आली. कोर्लईचा इतिहास सांगणारे बहुधा इथेच थांबतात.

तो पुढे चालू आहे, पण पायथ्याच्या गावात. तिथले ख्रिस्ती आजही घरात पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. शब्द बहुतांशी पोर्तुगीज. क्रियापद मात्र मराठीसारखे वाक्याच्या शेवटी. सत्ता गेल्यावर ही बोली शेजाऱ्यांच्या वळणाने जगली.

आता बोलणारे हजाराच्या आसपास, आणि मुलांची शाळा मराठीत. तट ढासळला तर डागडुजी करता येते. आजीबरोबर गेलेला शब्द परत आणता येत नाही. गड उतरल्यावर अभ्यासकाने आपली वही गावातही उघडावी, ती यासाठी.