तळ नसलेला डेपो

वनाझला मेट्रो संपते आणि रिकामी गाडी शेजारच्या कारशेडमध्ये जाते. कोथरूडची जुनी माणसं त्या जागेला अजूनही ‘कचरा डेपो’च म्हणतात. मेट्रोचे डबे यायच्या कितीतरी आधी तिथे शहराच्या कचरागाड्या रिकाम्या व्हायच्या. मग कोथरूड वाढलं, इमारती उभ्या राहिल्या, वास सहन होईना. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्याचा कचरा सासवड रस्त्यावर, उरुळी देवाचीला जाऊ लागला. हा सगळा इतिहास आपण वासाचा म्हणून सांगतो. वास शहरापर्यंत पोचतो, म्हणून असेल. मला मात्र तो पाण्याचा इतिहास वाटतो.

उरुळी देवाची आणि शेजारचं फुरसुंगी ही विहिरींवर शेती करणारी गावं. माउलींची पालखी दिवे घाट चढण्याआधी उरुळीत विसावते. इथे वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. या कातळात पाणी असतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये. म्हणून एका विहिरीचं पाणी बिघडतं आणि बांधापलीकडची विहीर काही वर्षं चांगली राहते. हे पाणी कुठून कुठे जाईल, ते वरून पाहून कळत नाही.

आपल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओला. भाजीची देठं, उरलेला भात, फळांच्या साली. ढिगात दाबलं गेलं की हे हवेविना कुजतं, त्यात पावसाचं पाणी मुरतं आणि खालून चहाच्या उकळीसारखं काळपट पाणी सुटतं. हेच लीचेट. सुरुवातीच्या वर्षांत ते आंबट असतं, त्यामुळे डब्याचं लोखंड, बॅटरीतले धातू विरघळवत जातं. ढीग जुना झाला की आंबटपणा ओसरतो, पण अमोनिया उरतो. क्षार तर मातीत अडकतच नाहीत, पाण्याबरोबर पुढे जातात.

हे होऊ नये म्हणून काय करायचं, ते देशाने २००० साली नियमात लिहिलं. त्याआधी १९९६पासून अल्मित्रा पटेल यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती. नियम असा की, भरावाच्या तळाशी ९० सेंटीमीटर चिकणमातीचा थर हवा, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर, आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी त्या मातीच्याही किमान २ मीटर खाली. नियम चांगलाच आहे. पण तो आला तेव्हा उरुळीत कित्येक वर्षांचा कचरा उघड्या जमिनीवर पडून होता. ढिगाखाली मागाहून अस्तर कसं घालणार? पुढे जुन्या ढिगाचा काही भाग माती टाकून झाकला. त्याने वरून पाऊस आत शिरणं कमी होतं. तळ तसाच राहतो.

गावात विहिरी असताना टँकर येऊ लागले, तेही त्याच महापालिकेचे जिच्या कचऱ्याने विहिरी नासल्या. ग्रामस्थ हरित लवादात गेले, गाड्या अडवल्या. एप्रिल २०१७मध्ये डेपोला आग लागली, त्यानंतर त्यांनी सुमारे तीन आठवडे गाड्या येऊ दिल्या नाहीत आणि पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग साचले. वर्तमानपत्रांनी याला ‘कचराकोंडी’ म्हटलं. कोंडी शहराची झाली तेव्हाच हा शब्द छापून आला, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

त्याच वर्षी दोन्ही गावं पुण्याच्या हद्दीत घेतली गेली आणि २०२४मध्ये वेगळी काढून त्यांची नगर परिषद झाली. दरम्यान जुना कचरा खणून, चाळून वेगळा करण्याचं काम सुरू झालंय. ढीग उचलला की गळतीचं मूळ जाईल. मुरलेलं पाणी मात्र भेगांतच आहे आणि ते उपसून धुण्याचं काम कुठल्याच निविदेत माझ्या पाहण्यात आलं नाही. निदान एक व्हावं. डेपोभोवतीच्या प्रत्येक विहिरीतले क्षार आणि नायट्रेट दर पावसाळ्यानंतर मोजावेत आणि आकडे गावाच्या चावडीवर लावावेत, मराठीत.