शेजारचं घर, शेजारचा कर

ऑक्टोबर आला की कॅलिफोर्नियातल्या आमच्या घरी घरपट्टीचं बिल येतं. पहिल्या वर्षी ते पाहून माझा चेहरा उतरला, तेव्हा शेजारच्या ऐंशी वर्षांच्या बाई हसत हसत स्वतःचं बिल घेऊन आल्या. तेवढंच अंगण, तेवढ्याच खोल्या. माझा आकडा त्यांच्या दहापट!

त्यांनी घर घेतलं १९७४ साली, मी २०२१ साली. फरक एवढाच. मला तो सरळ अन्याय वाटला, आणि रागाच्या भरात मी इतिहास वाचायला बसलो.

अमेरिकेत केंद्राचा आयकर भरून सुटका होत नाही. राज्यातही कर असतात. आयकर, विक्रीकर आणि घरपट्टी हे त्यातले मुख्य तीन. हे तिघे एका दोरीला बांधलेत: एकाला खाली ओढलं की दुसरा वर जातो. महामंदीत लोकांना घराजमिनीवरचा कर झेपेना, आणि शाळा तर त्याच पैशावर चालायच्या. म्हणून कॅलिफोर्नियाने १९३३ साली अडीच टक्के विक्रीकर आणला आणि १९३५ साली आयकर.

सत्तरच्या दशकात पुन्हा तेच दुखणं उपटलं. घरांच्या किमती भराभर वाढल्या, त्यांच्यामागोमाग घरपट्टीही. वाढलेली किंमत घर विकल्याशिवाय हातात येत नाही. कर मात्र रोख भरावा लागतो. पेन्शनवर जगणाऱ्यांना राहतं घर जाईल अशी धास्ती वाटू लागली. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी सह्या गोळा केल्या, आणि ६ जून १९७८ रोजी मतदारांनी 'प्रपोझिशन १३' जवळजवळ दोनतृतीयांश मतांनी मंजूर केलं.

नियम सोपा होता. मूळ घरपट्टी करपात्र किमतीच्या १ टक्का. जुन्या घरांची किंमत १९७५ सालच्या पातळीवर मागे नेली. पुढे ती वर्षाला फार तर २ टक्के वाढणार. घर विकलं गेलं की मात्र नव्या मालकाला बाजारभावाने कर.

घरपट्टीचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं. शाळांचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे मुख्यतः आयकर आणि विक्रीकरावर गेला. आज इथे विक्रीकर किमान ७.२५ टक्के आहे. घर नसलेला माणूससुद्धा बूट घेताना तो भरतो.

माझ्यासारखीच चिडलेली एक बाई थेट सर्वोच्च न्यायालयात गेली होती. स्टेफनी नॉर्डलिंगर. तिने १९८८ साली लॉस एंजेलिसमध्ये १ लाख ७० हजार डॉलरला घर घेतलं, आणि तिला जुन्या शेजाऱ्यांच्या जवळपास पाचपट कर आला. १९९२ साली ती हरली. न्यायालयाचं म्हणणं असं: नव्याला कर किती ते घर घेण्याआधीच कळतं, जुना मात्र घर घेऊन बसलेला असतो.

हे वाचलं आणि मला गिरगावची आमची चाळ आठवली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली होती. त्या भाड्यात आजीने पाच मुलं वाढवली. त्याच शहरात नवीन आलेल्याला पागडीशिवाय खोली मिळत नव्हती. तेव्हा मला कुठलाच अन्याय दिसला नव्हता. आम्ही आतल्या बाजूला होतो ना!

शेजारच्या बाईंना बाजारभावाने कर लावला, तर त्यांना घर विकावं लागेल. आणि तो फरक मी भरत राहिलो, तर तेही बरोबर नाही. दोन्ही खरं आहे.

परवा कोपऱ्यावरच्या घरात नवं जोडपं राहायला आलं. त्यांचं बिल माझ्याहून मोठं असणार. त्यांनी विचारलं, तर मलाही माझं बिल घेऊन जावं लागेल. हसत जाता येईल की नाही, ठाऊक नाही.